एकाच रात्रीची साक्ष

मंडळी, रात्रीच्या राखणीला माळ्यावर बसलेला एखादा गडी सकाळी गावात येऊन सांगतो, "काल मध्यरात्री समोरच्या डोंगरावर उजेड दिसला. घटकाभर वाढत गेला, आणि मग मावळला." चार माणसे डोंगरावर जाऊन पाहतात, तर तिथे राख नाही, काटकी नाही, काही नाही. आता या गड्याचे खरे मानायचे, की त्याला डुलकी लागली होती म्हणायचे? शहाणा पोलीसपाटील असेल तर तो लगेच हसतही नाही आणि लगेच मानही डोलावत नाही. तो शेजारच्या गावच्या राखणदाराला बोलावतो, पहिल्याने काय सांगितले ते कळू न देता त्याला विचारतो, "काल रात्री काही दिसलं का रे? कोणत्या बाजूला? किती वाजता?" दोघांचे सांगणे जुळले, म्हणजे मग ती गोष्ट विचारात घेण्याजोगी ठरते.

आज अशाच एका उजेडाची हकीगत सांगायची आहे. तो उजेड २००५ सालच्या ऑगस्ट महिन्यात एकदाच वाढला, सुमारे अर्धा दिवस टिकला आणि मावळला. तेवढ्या साक्षीवरून शास्त्रज्ञांनी एक नवा ग्रह मानला. तो ग्रह त्यापूर्वी कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता, आणि त्यानंतरही पडलेला नाही. मग तो खरा कशावरून? हाच आजचा प्रश्न. उत्तर मिळायला आपल्याला तीनशे वर्षे मागे जावे लागेल.

आधी ग्रहाची ओळख करून घेऊ. ज्येष्ठ-आषाढात आभाळ मोकळे असेल तेव्हा रात्री दक्षिणेकडे पाहा. वृश्चिकाची वळलेली नांगी दिसेल. नांगीच्या डावीकडे, वृश्चिक आणि धनू यांच्या सीमेपाशी, आकाशगंगेचा पट्टा सर्वांत दाट दिसतो. आपल्या आकाशगंगेचे मध्य त्याच दिशेला आहे. त्या दिशेने सुमारे २१,५०० प्रकाशवर्षे अंतरावर एक लहानसा तारा आहे. त्याचे वस्तुमान आपल्या सूर्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे. बहुधा तो तांबूस, मंद तेजाचा खुजा तारा असावा. त्याच्याभोवती हा ग्रह फिरतो. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे त्याच्या सुमारे २.६ पट दूर राहून तो फिरतो, आणि त्याला एक फेरी पुरी करायला आपली दहाएक वर्षे लागतात. ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या साडेपाच पट धरतात. तारा मंद, त्यात ग्रह लांब. मग ऊब कुठली? तिथे उणे २२० अंश सेल्सियसच्या आसपास थंडी असावी असा हिशेब आहे. पाणी तर सोडाच, आपण श्वासाने घेतो ती हवासुद्धा त्या थंडीत गोठून जाईल.

ग्रहाचे नाव मात्र घरात हाक मारण्यासारखे नाही. ओगल-२००५-बीएलजी-३९०एलबी, असे ते नाव आहे. याचा अर्थ सरळ आहे. 'ओगल' नावाच्या पाहणीत, २००५ साली, आकाशगंगेच्या मध्यभागाच्या दिशेला सापडलेली ३९० वी घटना, आणि त्या घटनेतल्या ताऱ्याचा ग्रह. गाव नमुन्यातल्या गट क्रमांकासारखेच म्हणा ना!

कोणी विचारील, "अहो, एवढ्या लांबचा मंद तारासुद्धा धड दिसत नाही, मग त्याचा ग्रह कसा दिसला?" खरी गोष्ट अशी की, ग्रह दिसलाच नाही. त्याने दुसऱ्याच एका ताऱ्याच्या प्रकाशाला जो धक्का दिला, तो दिसला. प्रकाशाला धक्का लागतो, हे माणसाला कसे कळले, ती कथा आता ऐका.

आयझॅक न्यूटनने १७०४ साली प्रकाशशास्त्रावरचा आपला ग्रंथ छापला. त्याच्या शेवटी त्याने काही प्रश्न मांडले आहेत. त्यांतला पहिलाच प्रश्न असा, की पदार्थ दुरूनच प्रकाशावर परिणाम करून त्याचे किरण वाकवीत नसतील काय? न्यूटनने उत्तर दिले नाही. पुढे १८०१ साली जर्मनीतल्या योहान फॉन झोल्डनर याने हिशेब केला. सूर्याच्या कडेला घासून जाणारा किरण सुमारे ०.८४ विकला वाकावा, असे त्याला आढळले. शिक्षकांना विकला ठाऊक आहेच. एका अंशाच्या साठ कला, आणि एका कलेच्या साठ विकला. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. त्या काळी एवढे सूक्ष्म माप सूर्याच्या झगमगाटात घेणार कोण? हिशेब कागदावरच राहिला.

पुढे आइन्स्टाइनने १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत पुरा केला. त्यात हाच आकडा दुप्पट आला, सुमारे १.७५ विकला. अडीच-तीन किलोमीटरवर ठेवलेले रुपयाचे नाणे जेवढे दिसेल, तेवढा हा कोन. जुना हिशेब बरोबर की नवा, हे आता मोजूनच ठरणार होते. त्यासाठी खग्रास सूर्यग्रहण हवे. सूर्य झाकला की त्याच्या आसपासचे तारे दिसतात. त्यांचे फोटो घ्यायचे, आणि सूर्य तिथे नसताना घेतलेल्या फोटोंशी ताडून पाहायचे. तारे आपल्या जागेवरून सरकल्यासारखे दिसले, तर प्रकाश वाकला.

या मोजणीच्या इतिहासात आपल्या मुलखाशी जोडलेला एक माणूस आहे. विल्यम वॉलेस कॅम्पबेल हे त्याचे नाव; अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा हा ज्योतिर्विद. २२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास ग्रहण दिसले, तेव्हा तो सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातल्या जेऊर गावी आपल्या दुर्बिणी घेऊन आला होता. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनीही जेऊरलाच आपला तळ टाकला होता. त्या वेळचे काम सूर्याच्या प्रभामंडळाचे होते. प्रकाश वाकण्याचा प्रश्न अजून उभाच राहिला नव्हता. पण ग्रहणाच्या त्या दोन-चार मिनिटांसाठी महिनोन्महिने तयारी करायची, हा कॅम्पबेलचा आयुष्यभराचा उद्योग झाला.

१९१४ च्या ऑगस्टात रशियात ग्रहण होते. आइन्स्टाइनचे म्हणणे पडताळायला अर्विन फ्रॉइंडलिख हा जर्मन ज्योतिर्विद क्रिमियात गेला. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि रशियनांनी त्याला शत्रूचा माणूस म्हणून धरून ठेवले. कॅम्पबेल त्याच ग्रहणासाठी कीव्हजवळ गेला होता. त्याला कोणी धरले नाही, पण आभाळ भरून आले. युद्धामुळे त्याची यंत्रेही रशियातच अडकून पडली. १९१८ साली त्याने अमेरिकेतच उसन्या भिंगांवर एक ग्रहण टिपले, पण निकाल ठामपणे सांगता येईना.

मग आले २९ मे १९१९ चे प्रसिद्ध ग्रहण. इंग्रजांच्या दोन तुकड्या दोन ठिकाणी गेल्या. आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर आर्थर एडिंग्टन, आणि ब्राझीलमधल्या सोब्राल गावी दुसरी तुकडी. प्रिन्सिपेच्या फोटोंवरून आकडा निघाला १.६१ विकला. सोब्रालच्या एका दुर्बिणीने दिला १.९८. तिथल्याच दुसऱ्या दुर्बिणीची चित्रे पुसट आली, आणि त्यांवरून जवळजवळ जुनाच आकडा निघत होता. ६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनच्या सभेत आइन्स्टाइनच्या बाजूने निकाल जाहीर झाला. तरी साक्षीत थोडी तफावत होती, आणि शंका घेणारे शंका घेत राहिले. शंका घेण्यात त्यांचे काही चुकले नाही. २१ सप्टेंबर १९२२ च्या ग्रहणाला कॅम्पबेल पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वॉलाल या ओसाड किनाऱ्यावर गेला. कोडाईकनाल वेधशाळेचे एव्हरशेडही तिथे होते, पण त्यांच्या यंत्रांनी दगा दिला. कॅम्पबेलला मात्र या खेपेला आभाळ लाभले. १९२३ साली त्याने आपला आकडा कळवला, १.७२ विकला. जेऊरचा तळ उठल्याला तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. दुसऱ्याने, दुसऱ्या जागी, दुसऱ्या यंत्राने पाहून तेच सांगितले, तेव्हा प्रकाश वाकतो ही गोष्ट पक्की झाली.

आता एक पायरी पुढे जाऊ. काचेचे भिंग काय करते? किरणांना वाकवून एकत्र आणते. मग ताऱ्याचे गुरुत्वाकर्षणही किरणांना वाकवीत असेल, तर तारा हेच एक भिंग झाले! समजा, एक तारा खूप लांब आहे, आणि दुसरा एक तारा आपल्या आणि त्याच्या बरोबर मधून चालला आहे. मधला तारा आडवा आला म्हणजे मागचा झाकला जावा, असे आपल्याला वाटेल. घडते उलटे. मागच्या ताऱ्याचे जे किरण एरवी इकडेतिकडे निघून गेले असते, ते मधला तारा वाकवून आपल्याकडे पाठवतो, आणि मागचा तारा काही दिवस अधिक तेजस्वी दिसतो.

हे वर्गात दाखवता येते. जाड तळाचा काचेचा पेला घ्या. पांढऱ्या कागदावर शाईचा एक ठळक ठिपका काढा, आणि पेल्याच्या तळातून वरून त्याकडे पाहत पेला हळूहळू सरकवा. ठिपका ताणला जातो, त्याचे दोन होतात, आणि तळाचा मध्य ठिपक्यावर आला की पेल्याच्या घडणीप्रमाणे त्याचे कडे झाल्यासारखे दिसते. ताऱ्याचे भिंग काहीसे असेच असते. फरक इतकाच, की आकाशातले हे कडे विकलेच्या हजाराव्या भागाहूनही लहान असू शकते. दुर्बिणीला कडे म्हणून ते दिसत नाही. तिला फक्त वाढलेले तेज कळते.

ही कल्पना आइन्स्टाइनने १९१२ सालीच आपल्या वहीत आकडेमोड करून पाहिली होती, आणि बाजूला ठेवून दिली होती. पुढे १९३६ च्या एप्रिलमध्ये रुडी मांडल नावाचा एक चेक इंजिनियर त्याला प्रिन्स्टनला भेटायला आला. हा काही नावाजलेला शास्त्रज्ञ नव्हता. ताऱ्यांच्या भिंगाची कल्पना त्याच्या डोक्यात बसली होती, आणि अशा भिंगातून आलेल्या प्रकाशामुळे पृथ्वीवरच्या प्राण्यांत फेरबदल झाले असतील, असलेही काही तर्क त्याने लढवले होते. मोठमोठ्यांनी त्याला वाटेला लावले होते. आइन्स्टाइनने त्याचे ऐकून घेतले. मांडलने हिशेब छापण्याचा लकडा लावला, तेव्हा त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याने 'सायन्स' नियतकालिकात एक छोटेखानी टिपण दिले. टिपणात सूत्रे होती, आणि एक निर्वाळाही होता, की असा प्रकार प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची आशा फारशी नाही. दोन तारे इतक्या नेमक्या रेषेत येणार कधी, आणि ते पाहायला त्याच वेळी तिकडे दुर्बीण कोण रोखून बसणार?

आइन्स्टाइनचा हिशेब चुकला नव्हता. त्याने धरला होता एकच राखणदार आणि एकच शेत. दररोज रात्री लक्षावधी ताऱ्यांची हजेरी घेता येईल, अशी साधने १९३६ साली नव्हतीच.

ती साधने दृष्टिपथात आली तेव्हा बोहदान पाचिन्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने १९८६ साली प्रिन्स्टनहूनच नवा विचार मांडला. एका ताऱ्याच्या बाबतीत ही गाठ पडण्याची शक्यता दहा लाखांत एक असेल; ठीक आहे. मग दहा-दहा लाख ताऱ्यांकडे रोज पाहा! फोटोच्या काचेऐवजी आता विजेवर चालणारी प्रकाशपट्टी आली होती, आणि मोजदाद करायला संगणक आला होता. १९९१ साली पाचिन्स्की आणि त्याचा शिष्य शूद माओ यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मधल्या ताऱ्याला ग्रह असेल, तर तोही आपल्या परीने छोटेसे भिंग होईल, आणि वाढत्या-उतरत्या तेजावर काही तासांचा एक बारीक उंचवटा उमटवील. हंड्याच्या काठाला चिकटलेली मुंगी जशी.

१९९२ साली वॉर्सा विद्यापीठाच्या आंद्रेई उदाल्स्की यांनी चिलीच्या लास कंपानास डोंगरावर आकाशगंगेच्या मध्यभागाची पाहणी सुरू केली. हीच ती 'ओगल' पाहणी. १९९३ साली तीन वेगवेगळ्या गटांनी ताऱ्यांच्या भिंगाच्या पहिल्या घटना जाहीर केल्या. आइन्स्टाइनने आशा नाही म्हटल्याला तेव्हा सत्तावन्न वर्षे झाली होती. पुढे १.३ मीटर व्यासाची नवी दुर्बीण आली आणि दरसाल शेकडो घटना सापडू लागल्या. २००४ साली या रीतीने सापडलेला पहिला ग्रह जाहीर झाला. तो गुरूसारखा मोठा होता. लहान ग्रहाचा उंचवटा मात्र काही तासांचाच. एका ठिकाणी सूर्य उगवला, की पुढचे काही दिसायचे नाही. म्हणून निरनिराळ्या देशांतल्या ज्योतिर्विदांनी 'प्लॅनेट' नावाची एक टोळी जमवली. चिली, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, टास्मानिया, जिथे जिथे दक्षिण गोलार्धात दुर्बीण मिळेल तिथे माणूस बसवायचा. एकाची रात्र सरली की दुसऱ्याची सुरू. जोंधळ्याच्या रानात एका माळ्यावरची हाक दुसऱ्या माळ्याने झेलावी, तसे हे काम.

आता आपण त्या रात्रीपाशी आलो. ११ जुलै २००५ रोजी ओगलने सगळ्यांना वर्दी दिली, की मध्यभागाकडचा एक राक्षसी तारा उजळू लागला आहे. २५ जुलैपासून प्लॅनेटवाल्यांनी त्याच्यावर नजर ठेवली. ३१ जुलैला त्याचे तेज मूळच्या तिपटीवर पोचले आणि तिथून नेमाने उतरू लागले. घटना संपत आली, असेच कोणालाही वाटले असते. पण राखण चालू होती. १० ऑगस्टला चिलीच्या ला सिला डोंगरावरच्या १.५४ मीटरच्या डॅनिश दुर्बिणीला दिसले, की उतरणारे तेज उतरायचे सोडून किंचित चढले आहे.

यंत्राची चूक असेल काय? मध्ये पातळ ढग आला असेल काय? शेजारच्या लास कंपानास डोंगरावर ओगलची दुर्बीण त्याच रात्री आपले नेहमीचे काम करीत होती. तिच्या नोंदीत त्या ताऱ्याचे एक माप होते, आणि तेही चढलेलेच. दोन डोंगर, दोन राखणदार, आणि सांगणे एक! मग चिलीत उजाडले. पृथ्वी फिरली, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थजवळ रात्र पडली. तिथल्या वेधशाळेत जेमतेम ०.६ मीटर व्यासाची जुनी दुर्बीण त्याच ताऱ्यावर रोखलेली होती. उंचवट्याची उतरती बाजू तिने टिपली. याच पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर त्र्याऐंशी वर्षांपूर्वी कॅम्पबेलला आभाळ लाभले होते. पुढे न्यूझीलंडच्या 'मोआ' गटाने आपले त्या तारखेचे फोटो काढून पाहिले. त्यांतही तो तारा सापडला, आणि तेही मोजमाप जुळले.

एवढ्याने कोणी गुलाल उधळला नाही. शास्त्रज्ञांनी आपल्यालाच उलटतपासणीला उभे केले. मागचा तारा एक नसून दोन असतील, आणि दुसऱ्या ताऱ्यामुळे असा उंचवटा आला असेल, ही शंका त्यांनी स्वतःच काढली आणि तिचा हिशेब मांडला. तो हिशेब निरनिराळ्या ठिकाणच्या मोजमापांशी नीट बसेना. ग्रहाचा हिशेब बसला. उंचवट्यावरून कळले, की ग्रहाचे वस्तुमान त्याच्या ताऱ्याच्या सुमारे तेरा हजाराव्या भागाइतके आहे. हे प्रमाण बऱ्यापैकी पक्के. पण ताऱ्याचेच वस्तुमान सरळ मोजता आले नव्हते. आकाशगंगेत कोणत्या जातीचे तारे कुठे किती आहेत, त्यावरून त्याचा अंदाज बांधावा लागला. म्हणून त्यांनी स्पष्ट लिहिले, की ग्रह पृथ्वीच्या साडेपाच पट असावा, पण तो पावणेतीन पट असू शकेल, किंवा अकरा पटही असू शकेल. अंतरातही तीन हजारांवर प्रकाशवर्षे इकडेतिकडे होतील. पॅरिसचे झाँ-फिलिप बोलिये आणि त्यांचे सहकारी, मिळून ७३ जणांच्या सह्यांचा हा लेख २६ जानेवारी २००६ रोजी 'नेचर' नियतकालिकात छापला गेला. पाचिन्स्की तेव्हा हयात होता. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००७ मध्ये तो वारला.

शिक्षक मित्रहो, आपला आकडा किती चुकू शकतो हे सांगणे म्हणजे कमीपणा नव्हे. "अंदाजे सात पोती होतील, सहा होतील, आठही होतील," असे सांगणाऱ्या शेतकऱ्याने पीक डोळ्याखालून घातलेले असते. बांधावर न जाताच "सात पोती आणि अठ्ठावीस शेर" सांगणाऱ्यावर आपण विश्वास ठेवत नाही.

"पण असल्या गोठलेल्या ग्रहाचा उपयोग काय?" असेही कोणी विचारील. तिथे कोणी राहायला जाणार नाही. उपयोग आहे तो ज्ञानाचा. दुसऱ्या सूर्यांना ग्रह असतात हे १९९५ नंतर एकामागून एक दिसू लागले, पण तेव्हाच्या रीतींना सापडत ते बहुतेक ग्रह मोठे, आणि आपल्या ताऱ्याला चिकटून फिरणारे तप्त ग्रह. लहान आणि थंड ग्रह त्या चाळणीतून गळून जात. चाळणीची छिद्रे मोठी असली म्हणून बारीक दाणा नव्हताच असे म्हणता येत नाही. ग्रह कसे बनतात याचा विचार करणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवले होते, की मंद ताऱ्यांभोवती दगड आणि बर्फ यांचे असे मध्यम गोळे पुष्कळ असले पाहिजेत. हा ग्रह त्या सांगण्याला धरून होता. मग प्लॅनेटवाल्यांनी २००२ ते २००७ या सहा वर्षांची सगळी राखण एकत्र मांडली. १२ जानेवारी २०१२ रोजी त्यांनी निष्कर्ष छापला, की आपल्या आकाशगंगेत सरासरीने प्रत्येक ताऱ्यामागे एक तरी ग्रह आहे. आज आपण रात्री अंगणात बाज टाकून वर पाहतो, तेव्हा जेवढे तारे दिसतात तेवढी घरे वसलेली आहेत असे समजायला हरकत नाही. त्या घरांत राहणारे कोणी आहे की नाही, तो प्रश्न निराळा.

आणि काळाचाही विचार करा. त्या ग्रहाने किरणांना वाकवले ते २००५ साली नव्हे. त्या ताऱ्यापासून आपल्यापर्यंत यायला प्रकाशाला वीस-बावीस हजार वर्षे लागली. तो निघाला तेव्हा पृथ्वीवर हिमयुग चालू होते. माणूस दगडी हत्यारांनी शिकार करीत होता. जोंधळ्याचा दाणा अजून कोणी पेरलेला नव्हता. हा प्रकाश वाटेत असतानाच माणूस शेती शिकला, गावे वसली, ग्रंथ लिहिले गेले, काच घडली, दुर्बीण आली. आणि तो पोचला त्याच रात्री त्याच्या वाटेवर चार दुर्बिणी तयार होत्या. वीसएक वर्षे आधी तो आला असता, तर तसाच निघून गेला असता.

आता तो तारा आणि मागचा तारा आपापल्या वाटेने पुढे गेले आहेत. ती रेघ मोडली. त्या ग्रहाचा तसा उंचवटा पुन्हा पाहायला मिळेल अशी आशा धरता येत नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. एकदाच घडलेली गोष्ट खरी कशी मानावी?

इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांना हा प्रश्न नवा नाही. लढाई एकदाच होते, राज्याभिषेक एकदाच होतो. प्रयोगशाळेत ते पुन्हा घडवून दाखवता येत नाहीत. तरी आपण ते मानतो, कारण एका बखरीत लिहिले एवढ्यानेच नव्हे, तर ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा कागदपत्रांत तीच तारीख आणि तीच हकीगत सापडते म्हणून. एकाच बखरीची दहा माणसांनी नक्कल केली, तर त्या दहा साक्षी होत नाहीत; ती एकच राहते. हल्ली मोबाइलवर एखादी बातमी दहा जणांकडून येते तेव्हा हे विशेष ध्यानात ठेवायला हवे. दहाही जणांनी ती एकाकडूनच घेतलेली असू शकते.

म्हणून वर्गातल्या मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. हे कोणी पाहिले? दुसऱ्याने, दुसऱ्या जागेवरून, पहिल्याला न विचारता पाहिले का? आणि याचा दुसरा काही उलगडा होऊ शकतो का? गावात भुताच्या उजेडाची गोष्ट निघो, गुप्तधनाची निघो, की औषधाशिवाय रोग बरा झाल्याची निघो, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे बरेचसे धुके निवळते. २१,५०० प्रकाशवर्षांवरचा तो गोठलेला ग्रह या तीन प्रश्नांना उतरला, म्हणून तो आपण मानतो.

आणि वर्गात पेल्याचा प्रयोग जरूर करा. ठिपका कड्यासारखा दिसतो का, हे आधी सांगू नका. चार मुलांना चार वेळा पाहू द्या, दिसले ते प्रत्येकाला वेगवेगळ्या कागदावर काढू द्या, आणि मग ते चारही कागद शेजारी शेजारी ठेवा.